पाडव्याला घर लावायचंय, जुन्या घराला रंग कोणता द्यावा?

बालाघाट, १४ फेब्रुवारी
नमस्कार मंडळी. आमचं घर अंबाजोगाईपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात आहे. समोरची ढेलज, म्हणजे दारातली देवडी, आणि माजघर पणजोबांच्या काळातलं, दगड-मातीचं, वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर. मागच्या वाडग्यात वडलांनी १९९९ साली दोन स्लॅबच्या खोल्या बांधल्या. वडील गेल्यापासून आई एकटीच असते. मी आणि धाकटा भाऊ नोकरीला बाहेर. यंदा पाडवा १९ मार्चला आहे, बहीण-भाचरं सगळी गावाकडेच येणार, म्हणून त्याआधी घर जरा नवं करावं असं मनात आहे.

अडचण अशी की माजघराच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत पोपडे धरतात. दर दोन वर्षांनी ऑइलपेंट मारतो, दर पावसाळ्यानंतर तो गळून पडतो. पुण्याचा भाऊ म्हणतो पीव्हीसीचे पॅनल लावून टाकू, विषय संपला. आई म्हणते चुना द्या. मला वाटतं चांगला प्लॅस्टिक पेंट द्यावा, खाली टाइल्स बसवाव्यात आणि नवे पडदे घ्यावेत. हाताशी लाखभर रुपये आहेत. रंग सुचवा, आणि त्या पोपड्यांचं काय करू तेही सांगा.

कडुलिंब, १४ फेब्रुवारी
माजघराला खिडकी किती आहेत? जुन्या माजघरात बहुतेक एखादाच झरोका असतो. तिथं गडद रंग अजिबात नको. पांढऱ्याच्या जवळचा, पिवळसर झाक असलेला द्या, ताकाच्या रंगासारखा. ढेलजेला मात्र उन्हाची तिरीप येत असेल तर शुभ्र पांढरा डोळ्याला लागतो, तिथं किंचित हिरवट चालेल. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पांढराच द्या, आपल्याकडच्या एप्रिलात त्याचा फरक हाताला कळतो.

रंगारी, १४ फेब्रुवारी
बालाघाट दादा, मी लातुरात बावीस वर्षं रंगकाम करतोय. रंगाचं शेवटी बघू. तुमच्या भिंतीला लोणा लागलाय.

दगड-मातीच्या भिंतीला खाली पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी मातीतून वर चढतं, सोबत क्षार आणतं. भिंतीच्या अंगातून ते बाहेर पडून वाळलं तर काही बिघडत नाही. तुम्ही वर ऑइलपेंट मारून तिचं तोंड बंद केलं. मग क्षार रंगाच्या मागं साचतात, फुलतात आणि रंग ढकलून देतात. प्लॅस्टिक पेंट मारला तरी तेच होणार. तीन फूट म्हणालात ना, तिथं खाली सिमेंटचा गिलावा केलाय का कधी?

एक करून बघा. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलेलं दिसलं तर पाणी भिंतीतूनच येतंय.

हडको_एन११, १५ फेब्रुवारी
रंगारी, मी असहमत. मी संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला पीव्हीसी पॅनल लावलेत, तीन वर्षं झाली, एक डाग नाही. दोन दिवसांत काम झालं, धूळ नाही, वास नाही. गावाकडं आई एकटी असते, तिला दर वर्षी रंगाचा त्रास कशाला?

रंगारी, १५ फेब्रुवारी
तुमचं खरं आहे, पण तुमच्या फ्लॅटची भिंत आरसीसी-विटांची आहे, तिला जमिनीतून पाणी येत नाही. दादांच्या भिंतीला पॅनल लावले तर मागं ओल तशीच राहणार, फक्त दिसणार नाही. एका घरी पॅनल उचकटले तेव्हा मागं वाळवीनं पट्टीच्या लाकडाची चाळण केली होती, आणि भिंतीतली माती मुठीत घेतली तर लाडवासारखी वळत होती. त्या भिंतीच्या आधारानं लेकराचा पलंग होता.

बालाघाट, १५ फेब्रुवारी
हो, खाली सिमेंटचा गिलावा आहे. २०११ ला केला होता, पोपडे लपावेत म्हणून. प्लॅस्टिकचा कागद लावलाय, परवा सांगतो.

परळीची_वैनी, १६ फेब्रुवारी
आईंचं ऐका. चुना माझ्या सासूबाई अजून करतात, मी शिकून घेतलाय, सांगते.

चुनकळी आणायची, पिठूळ झालेली नको, ढेकळं हवीत. लोखंडी टाकीत किंवा रांजणात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडायची. चुनकळीवर पाणी कधीच ओतायचं नाही, उडतं. पाणी खळखळ उकळतं, वाफ येते, लेकरं लांब ठेवायची. डोळ्यावर चष्मा, हाताला खोबरेल. चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो, ह्यात हयगय नको. मग निदान चार दिवस मुरू द्यायचा. सासूबाई आठ दिवस ठेवतात. नंतर जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, दुधाच्या सायीपेक्षा पातळ ठेवायचा, त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूट-चिमूट नीळ.

भिंत आधी पाण्यानं शिंपडून घ्यायची, कोरड्या भिंतीवर दिलेला चुना हाताला लागतो. पहिला हात दिला की काहीच दिसत नाही, मनात येतं की वाया गेला. वाळल्यावर उजळतो. पातळ तीन हात द्यायचे, जाड एक नाही. आमच्या ओसरीत संध्याकाळी तिसरा हात वाळत आला की भिंत आतून उजेड धरल्यासारखी दिसते.

फुलोरा, १६ फेब्रुवारी
नीळ चिमूटभरच बरं का वैनी. आमच्या मामानं अख्खी पुडी ओतली होती, त्या वर्षी मामाच्या लग्नाच्या सगळ्या फोटोत माणसं पांढरी आणि घर आभाळ! 😀

रंगारी, १६ फेब्रुवारी
वैनींनी सांगितलेलं सोळा आणे बरोबर. फक्त दादांसाठी एक भर घालतो. चुना ऑइलपेंटवर धरत नाही, पापड्या सुटतात. जुना रंग आणि खालचा सिमेंटचा गिलावा काढावाच लागेल, दगड-माती उघडी करून. मग चुना-मातीचा किंवा चुना-वाळूचा गिलावा. आणि मिसळायला बोअरचं खारं पाणी वापरू नका, तो क्षार परत भिंतीतच जाईल.

परभणीकर_आई, १६ फेब्रुवारी
ऑइलपेंट खरवडताना काळजी घ्या. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त चालत नाही, पण त्याआधीच्या रंगाला हा नियम नव्हता. तुमचे खालचे थर त्याआधीचे असणार. कोरड्या सँडपेपरनं घासू नका, पाणी मारून ओला खरवडा, कचरा पोत्यात भरून बाजूला काढा, शेणखतात टाकू नका. लेकरं यायच्या आधी फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. शिसं लहान मुलांच्या मेंदूला मारक असतं.

औरंगपुरा, १७ फेब्रुवारी
चुन्याचा विषय निघालाच आहे तर. आपला बीबी का मकबरा लोक संगमरवरी समजतात. संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, मधलं बरंचसं काम चुन्याच्या घोटीव गिलाव्याचं आहे. सतराव्या शतकातला गिलावा अजून हाताला गार आणि गुळगुळीत लागतो. आणि वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडलेत, पुरातत्त्ववाल्यांनी दहाएक वर्षांपूर्वी त्यावर लिहिलंय. तंतूंमुळे गिलावा तडकत नाही. आपल्याकडं त्याच कामासाठी भुसा आणि शेण घालतात.

फुलोरा, १७ फेब्रुवारी
म्हणजे होळीला भिंत चाटायची सोय! बालाघाट, तुमच्या भाच्यांना सांगू नका. 😀

बालाघाट, १७ फेब्रुवारी
कागद काढला. भिंतीकडून पाणी ओघळत होतं. पॅनलचा विषय भावानंही सोडला.

मांजराकाठ, १८ फेब्रुवारी
मी दोन दिवस हा धागा वाचतोय आणि कुणीच वर बघायला तयार नाही, म्हणून लिहितो.

बालाघाट भाऊ, माळवदावर माती किती आहे?

माझं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीच्या भूकंपाची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. मी आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, माणसं थकून झोपलेली. आम्ही भावंडं अंगणात बाजांवर झोपलो होतो, आजी आणि काकू आत माजघरात. आवाज आला तो वरून नाही, खालून आला, ट्रक घराखालून गेल्यासारखा. मग धुळीनं काहीच दिसेना. सकाळी उजाडलं तेव्हा आमच्या भिंती पडल्या म्हणण्यापेक्षा उकलल्या होत्या. दोन-अडीच फुटांची भिंत, आतला दगड आत गेलेला, बाहेरचा दगड बाहेर, आणि मधे नुसती माती. त्यावर सगळं माळवद बसलेलं. आजीला काढायला दुपार झाली, दगड नव्हते तिच्यावर फारसे, माती होती.

नंतर जे इंजिनिअर आले त्यांनी वडलांना समजावलं ते मला पाठ आहे. भिंतीत आरपार दगड नाहीत, कोपरे बांधलेले नाहीत, आणि डोक्यावर मातीचं ओझं. आमच्याकडं दर उन्हाळ्यात गळू नये म्हणून धाब्यावर पांढरी माती टाकायचे. आजोबांनी टाकली, वडलांनी टाकली. जुनी कुणी काढली नाही.

तुम्ही रंग द्या, पडदे लावा, आईला बरं वाटेल. पण आधी शिडी लावून वर जा आणि झरोक्याच्या कडेला पट्टी घालून मोजा.

कडुलिंब, १८ फेब्रुवारी
मांजराकाठ, वाचून काही सुचेना. माझं आजोळ उमरग्याकडचं. आमच्या घरातही त्या रात्रीबद्दल कुणी फार बोलत नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

बालाघाट, १९ फेब्रुवारी
आज सुट्टी टाकून गावी आलो. वर गेलो. आई खालून विचारत होती, कामून चढलास.

झरोक्याच्या कडेला माती खरवडली तर थर वाचता येतात. वर पिवळसर, वडलांनी टाकलेली. तिच्याखाली पांढरी, गढीची असावी, मधे कोळशाची बारीक रेघ. मग परत करडी. त्याच्याखाली पालापाचोळ्याचा थर, मग किलच्या म्हणजे लाकडाच्या चिपा, मग सर म्हणजे आडवी लाकडं. पट्टी घातली तर मातीच दीड फूट आहे. एका ठिकाणी एक फूट आठ इंच. माजघर दहा बाय बाराचं आहे. आणि वर एका कोपऱ्यात मीच २०१९ ला पाचशे लिटरची पाण्याची टाकी ठेवलीय.

सिव्हिल_नांदेड, १९ फेब्रुवारी
हिशेब करू. १० गुणिले १२ म्हणजे १२० चौरस फूट. दीड फूट जाडी, १८० घनफूट. कोरडी दाबलेली माती एका घनफुटाला साधारण ४५ किलो धरा. आठ हजार किलोच्या पुढं जातं. आठ टन, आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. टाकी भरलेली असेल तर आणखी अर्धा टन, तोही एकाच कोपऱ्यात. टाकी आज रिकामी करा, उद्या उतरवा.

माती काढताना घाईनं अपघात होतात, म्हणून हे नीट वाचा. काम चालू असताना खाली कुणी थांबायचं नाही. आधी आतून सरांना टेकू द्या. एका बाजूनं सगळी उकरत जाऊ नका, अख्ख्या खोलीवरून चार-चार इंचांचा थर समान उतरवा. काढलेली माती शेजारच्या धाब्यावर ढीग करून ठेवू नका, सरळ खाली. सरांची टोकं भिंतीत शिरतात ती जागा सगळ्यात आधी कुजते, तिथं दाभण टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेलं तर तो सर बदलायचा.

मग वर जाड पॉलिथिनचा कागद, त्यावर मातीचा पातळ थर, उताराला पन्हाळी. गळती कागद थांबवतो, त्यासाठी दर वर्षी माती टाकायची गरज राहत नाही. भिंतीत आरपार दगड बसवता येतात, खांब-तुळईच्या जोडाला तिरप्या पट्ट्या मारता येतात. किल्लारीनंतर उरलेल्या घरांसाठी हेच सुचवलं होतं. मात्र हे मी इथं बसून सांगतोय. जवळच्या एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर प्रत्यक्ष दाखवा, त्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

हडको_एन११, १९ फेब्रुवारी
माळवद काढून सरळ पत्रे टाकले तर? किंवा स्लॅब?

सिव्हिल_नांदेड, १९ फेब्रुवारी
त्या भिंतींवर स्लॅब अजिबात नाही, वजन कमी करायचंय ना आपल्याला. पत्रा हलका, पण मे महिन्यात त्या खोलीत आईला बसवून बघा. पातळ केलेलं माळवदही उन्हाला पत्र्यापेक्षा कितीतरी बरं.

काळी_माती, २० फेब्रुवारी
माझाही प्रश्न इथंच विचारतो, धागा चालू आहे तोवर. घर पूर्णेजवळ, विटांचं, बारा वर्षांचं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. दर फाल्गुनात भरतो, श्रावणात मिटतात, परत पाडव्याला उघडतात. रंगवायचं तरी कसं?

सिव्हिल_नांदेड, २० फेब्रुवारी
नाव घेतलंत तीच कारण आहे. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात भेगा पडतात तशाच पायाखाली पडतात. घर वर-खाली होतं. कडक पुट्टीनं भरलेली भेग परत फाटणारच. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी प्लास्टरनं चिकटवा, वर तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. घराभोवती तीन-चार फूट रुंद फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि मोरीचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. भिंतीला चिकटून झाड असेल तर त्याचाही वाटा असतो. वर्षभर बघा, मग लवचीक फिलर भरा. काचेची पट्टी वर्षात तडकली नाही तर पुढच्या पाडव्याला बिनधास्त रंगवा.

काळी_माती, २० फेब्रुवारी
भिंतीपासून चार फुटांवर मोठा कडुलिंब आहे. तो तोडणार नाही, सावली त्याचीच आहे. फरसबंदीचं करतो.

रंगारी, २१ फेब्रुवारी
बालाघाट दादा, गिलाव्याचं काम करायचं तर मार्च अर्ध्यावर यायच्या आत उरका. गिलाव्याला आठ दिवस पाणी मारावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जलदूत रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात आम्ही केलेला गिलावा पाण्यावाचून भाजला, वर्षात भेगाळून पडला. मालकाचाही इलाज नव्हता, प्यायलाच नव्हतं.

गोदाकाठ, २१ फेब्रुवारी
फरशीबद्दल कुणीच बोललं नाही. टाइल्स नका लावू. माजघरात शहाबादी असेल ना? शहाबादीच्या सांध्यांतून जमीन श्वास घेते. वर गुळगुळीत टाइल्स बसवल्या की खालची ओल वाट शोधत कडेला जाते आणि भिंतीत चढते, तुमचे पोपडे तीन फुटांवरून चार फुटांवर जातील. आमच्या पैठणच्या घरात नेमकं तेच झालं. काम करणाऱ्यानं हे आधी सांगितलं नाही, पैसे घेऊन मोकळा झाला.

शहाबादीला मशीननं पॉलिश करून घ्या. अॅसिड लावू नका, तो चुन्याचा दगड आहे, अॅसिडनं खातो. माझ्या वहिनीनं संडासचं अॅसिड ओतलं होतं, तिथं फरशीवर पांढरा, खरबरीत नकाशा उमटला तो आजही आहे. लिंबू सांडलं तरी लगेच पुसायचं.

परळीची_वैनी, २१ फेब्रुवारी
पडद्यांचं मी सांगते. संभाजीनगरला हिमरू अजून विणतात, सुती-रेशमी, उलट्या बाजूला सुटे धागे असतात. महाग आहे, सगळ्या खिडक्यांना नाही परवडत. एकाच दाराला लावा, देवघराच्या. बाकी ढेलजेला साधी जाड खादी. आणि आईंच्या ट्रंकेत जुन्या गोधड्या असतील, त्यातली चांगली दिवाणावर अंथरा, नवीन सोफा कव्हरपेक्षा उठून दिसेल. एप्रिलात दाराला वाळ्याचा पडदा, पाणी बेतानं.

सुईदोरा, २२ फेब्रुवारी
सगळं छान लिहिताय, एक विचारू? हे करणार कोण? माळवदावरची माती मजूर काढतील. खालची भांडी, उतरंड, धान्याची पोती, देव, अंथरुणं बाहेर काढणं, घासणं, परत लावणं, मजुरांचा चहा, पंधरा दिवस अंगणात स्वयंपाक, हे सगळं त्या एकट्या आईवर येणार. माझ्या आईचं कंबरडं अशाच एका पाडव्यात गेलं. घर चकचकीत झालं आणि ती सणाच्या दिवशी झोपून होती.

फुलोरा, २२ फेब्रुवारी
सुईदोरा ताई, कडक बोललात पण शंभर टक्के खरं.

परळीची_वैनी, २२ फेब्रुवारी
मी चुन्याची एवढी लांब कृती लिहिली आणि हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. भाऊ, आधी बहिणीकडे नाहीतर तुमच्याकडे नेऊन ठेवा त्यांना.

बालाघाट, २३ फेब्रुवारी
आईला विचारलं. ती घर सोडून जायला तयार नाही. मग असं ठरवलं : भाऊ आणि मी दोघंही दहा-दहा दिवसांची रजा काढतोय. सामान आम्ही काढणार. आई मागच्या स्लॅबच्या खोलीत राहील, स्वयंपाकाला गावातल्या दोघीजणी रोजानं सांगितल्यात. टाकी उतरवली.

किनवटकर, २४ फेब्रुवारी
ढेलजेचा दरवाजा सागवानी असणार. त्याला ऑइलपेंट मारू नका, हात जोडून सांगतो. आमच्या दाराचे पाच थर काढले तेव्हा आत वेलबुट्टी निघाली, घरात कुणालाच माहीत नव्हती. खरवडून झालं की जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, पातळ हात, एक दिवस सोडून दुसरा, जास्तीचं फडक्यानं पुसून. जवसाचं तेल लाकडात मुरून वाळतं, गोडं तेल चिकटच राहतं.

आणि ती तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं. आमच्याकडं फडक्यांचा बोळा रात्री खोक्यात राहिला, पहाटे धूर निघत होता, कुणी काडीही लावली नव्हती. फडकी उन्हात सुटी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

हडको_एन११, २४ फेब्रुवारी
हे खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडं गॅलरीत असाच बोळा पडलाय. आत्ता उठून पाण्यात टाकला.

मांजराकाठ, ५ मार्च
बालाघाट भाऊ, काही कळवलं नाहीत. कुठवर आलं?

बालाघाट, ८ मार्च
माफ करा, इथं रेंज नाही आणि संध्याकाळी हात उचलत नाही.

इंजिनिअर येऊन गेले. दोन सरांची टोकं कुजलेली निघाली, दाभण मुठीपर्यंत आत गेलं. ते दोन्ही सर आईच्या पलंगावरचेच होते. टेकू देऊन बदलले. माती पाच दिवसांत उतरवली, दोन ट्रॉल्या भरल्या. एक फूट काढली, कागद घातला, वर चार इंच ठेवली. माती उतरली त्या संध्याकाळी माजघराचं दार चौकटीत न अडकता लागलं. ते दार मी लहानपणापासून खांद्यानं ढकलत आलोय.

पण पैसे संपत आले. भिंतीतल्या आरपार दगडांचं काम उन्हाळ्यात करायचं ठरलंय, त्यासाठी वेगळे साठवतो. ऑइलपेंट आणि सिमेंटचा गिलावा ओला करून काढला. टाइल्स, पडदे, रंग सगळं बाजूला पडलं.

रंगारी, ८ मार्च
उघडी भिंत लगेच झाकू नका दादा. तिला वाळू द्या, क्षार बाहेर येतील ते कोरड्या ब्रशनं झाडून काढत राहा, पाण्यानं धुऊ नका. ओल आहे तितकी भिंत पाडव्याला उघडीच राहू द्या. वरच्या भागाला आणि ढेलजेला चुना द्या.

गोदाकाठ, ८ मार्च
माळवदावर काम झालंय, मग गुढी कुठं उभारणार?

सिव्हिल_नांदेड, ८ मार्च
कागदाला भोक पाडून काठी रोवू नका म्हणजे झालं! दाराशी उभारा.

बालाघाट, २१ मार्च
पाडवा झाला. माजघर खाली तीन फूट उघडं दगडांचं आणि वर चुन्याचं, असं अर्धवट आहे. बहीण आली तेव्हा उंबऱ्यातच थांबली, म्हणाली हे काय, काम राहिलंय का. मग मी तिला वर नेऊन माळवद दाखवलं.

चुना वैनींच्या कृतीनं केला. आईनं सहा दिवस मुरवला, नीळ स्वतः घातली, आम्हाला हात लावू दिला नाही. दार खरवडलं, वेलबुट्टी नाही निघाली, पण कडीच्या बाजूला पणजोबांच्या नावाची दोन अक्षरं कोरलेली निघाली. तेल दिलंय, फडकी पाण्यात आहेत. पडदा एकही घेतला नाही, गोधडी अंथरली. गुढी दाराशी, कडुलिंबाचा फुलोरा यंदा भरपूर होता.

मांजराकाठ भाऊ, दुपारी जेवणं झाल्यावर आई माजघरातच आडवी झाली. मी दारात बसून होतो.

वडलांची ती पिवळसर माती शेतात टाकली. गढीची पांढरी बाजूला ठेवलीय, चुली सारवायला दोन घमेली आईनं घेतली, बाकी कुणाला हवी असेल तर अंबाजोगाई रस्त्यावरून घेऊन जा.

परळीची_वैनी, २१ मार्च
मला एक पोतं ठेवा. पुढच्या रविवारी येते, आईंनाही भेटेन.